टीव्हीवर लख्ख, रेकॉर्डिंगमध्ये धूसर

टीव्हीवर गेम लख्ख दिसतो. तोच कॅप्चर कार्डातून लॅपटॉपवर रेकॉर्ड करून लावला की गवत एकसंध हिरवं होतं, स्कोअरच्या आकड्यांच्या कडा विरतात आणि गाडीने वेगात वळण घेतलं की सगळ्या चित्रावर चौकोन चौकोन उमटतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ही तक्रार आता नवलाची राहिलेली नाही. ‘पिक्चर फाटतंय’ असं मुलं सांगतात, आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: कार्ड बोगस निघालं, दुसरं घ्यायला हवं. माझं म्हणणं असं, की दुसरं घेण्याआधी जरा थांबावं. कन्सोलमधून निघालेलं चित्र यूट्यूबवर पोचेपर्यंत सहा-सात हातांतून जातं. ते कोणाच्या हातात बिघडलं हे घरबसल्या, एक रुपयाही न खर्चता शोधता येतं, कारण प्रत्येक ठिकाणच्या बिघाडाची खूण वेगळी असते.

आपल्या भागात बऱ्याच जणांनी कॅप्चर कार्ड हे यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते लग्नात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती. उल्हासनगरातल्या कुटुंबांचे नातेवाईक पार दुबईपर्यंत पसरलेले. त्यांना घरबसल्या विधी दाखवायचे तर कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपमध्ये घ्यावं लागे. शूटिंगवाल्यांनी त्यासाठी कॅप्चर कार्डं शोधली. त्याच महिन्यांत जगभर घरून काम सुरू झालं होतं, चांगला कॅमेरा वेबकॅम म्हणून जोडायची सगळ्यांनाच घाई होती, आणि एल्गाटोच्या ‘कॅम लिंक’सारखी नावाजलेली कार्डं दुकानांतून संपली. ती जागा अंगठ्याएवढ्या बिननावाच्या डोंगलांनी भरून काढली. दुसरीकडे २०१८ पासून पबजी मोबाइलची लाट होतीच. मुंबईचा आदित्य सावंत ‘डायनॅमो गेमिंग’ या नावाने घराघरांत पोचला होता. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तरी आपला खेळ चार लोकांना दाखवायची हौस काही गेली नाही. २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ भारतात आलं, ज्यांना परवडलं त्यांनी ते घेतलं, बाकीच्यांनी जुनं प्लेस्टेशन ४ घेतलं, आणि शूटिंगवाल्याकडचं ते डोंगल गेम खेळणाऱ्या मुलांच्या टेबलावर येऊन पोचलं.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक असतं, मग कन्सोल थेट तिथे का जोडू नये, असं पुष्कळ जण विचारतात. लॅपटॉपवरचं ते भोक चित्र बाहेर सोडण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नसतं. आत घ्यायचं तर एचडीएमआयचं चित्र यूएसबीच्या भाषेत बदलून देणारा कोणीतरी मध्ये लागतो, आणि तेवढंच काम कॅप्चर कार्ड करतं. मोबाइलवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. फोनच्या टाइप-सी भोकातून चित्र बाहेर निघतंच असं नाही. स्वस्तातल्या बहुतेक फोनांत ती सोयच नसते. तिथे फोनमधलं स्क्रीन रेकॉर्डिंग हाच मार्ग. कार्डावर खर्च करूच नये.

आता मूळ अडचणीकडे. ती समजायला थोडा हिशेब लागतो, पण तो एकदा डोक्यात बसला की निम्म्या शंका आपोआप मिटतात. १०८०पी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. रंगाची थोडी काटकसर करून एका ठिपक्याला दोन बाइट धरले तरी एक फ्रेम होते ४१ लाख ४७ हजार २०० बाइटांची. गेम सेकंदाला ६० फ्रेम देत असेल तर दर सेकंदाला जवळजवळ २४९ मेगाबाइट माल वाहून न्यायचा असतो. यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३५-४० हाती लागले तरी खूप. म्हणजे ६० फ्रेम सोडाच, ३० फ्रेमसुद्धा त्यातून जशाच्या तशा जाऊ शकत नाहीत. यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, त्यात हा माल सुखाने मावतो. कार्डांच्या किमतींत जो दसपट फरक दिसतो त्यातला मोठा भाग या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

स्वस्त डोंगल यातून वाट काढतं ती चित्र दाबून. प्रत्येक फ्रेमचा ते एक वेगळा जेपेग फोटो करतं आणि तसे फोटो एकामागून एक पाठवत राहतं. या पद्धतीला एमजेपेग म्हणतात. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडून काम करतं, म्हणून दाब वाढला की तेच तुकडे डोळ्यांना दिसू लागतात. अशा डोंगलांपैकी पुष्कळांच्या पोटात मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस२१०९ ही चिप असते. तिची कुवत ठरलेली आहे: एमजेपेगमध्ये १०८०पी ला सेकंदाला ३० फ्रेम, ७२०पी ला ६० फ्रेम. न दाबलेलं १०८०पी मागितलंत तर ती सेकंदाला फक्त ५ फ्रेम देते, कारण यूएसबी २.० मध्ये तेवढ्याच सहज मावतात. खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की ४के चित्र आत आलं तर ते डोंगल नाकारणार नाही. बाहेर मात्र १०८०पीच निघेल. यूएसबीचं टोक आतून निळं असलं म्हणजे ते ३.० चं असा आपला समज असतो, तर निळं प्लास्टिक घालायला कोणाचीच बंदी नाही. खात्री करायची तर डोंगल लावून विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडावा, त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’खाली ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. तिथे व्हीआयडी ५३४डी आणि पीआयडी २१०९ दिसलं तर ती हीच चिप. खोकं काहीही म्हणो, हा आकडा खरं सांगतो.

बदलापूर पूर्वेला ओळखीच्या एका घरी असंच एक डोंगल होतं. बारावीतला मुलगा वैतागला होता. “काका, गेममध्ये काहीच लॅग नाही, पण रेकॉर्डिंग बघा, नुसता स्लाइड शो.” खरंच तसं होतं, खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा पोचत होता. रेकॉर्डिंग ज्यात होतं त्या ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये डोंगलच्या नावावर दोनदा क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. ‘रेझोल्यूशन/एफपीएस टाइप’ समोर ‘डिव्हाइस डिफॉल्ट’ होतं. म्हणजे काय घ्यायचं ते ओबीएसने डोंगलवर सोडलं होतं, आणि डोंगलने पुढे केलं होतं ते न दाबलेलं १०८०पी, सेकंदाला पाच फ्रेमवालं. तिथे ‘कस्टम’ केलं, १९२० बाय १०८० निवडलं, एफपीएस ३०, आणि ‘व्हिडिओ फॉरमॅट’मध्ये एमजेपेग. खेळाडू धावायला लागला. मुलाने विचारलं, “म्हणजे कार्ड चांगलं आहे?” मी म्हटलं, “कार्ड स्वस्त आहे. पण ते जेवढं देतंय तेवढंही तू घेत नव्हतास.” मग ७२०पी आणि ६० फ्रेम लावून पाहिलं. तो फुटबॉल खेळतो, त्याला तेच आवडलं. मलाही वाटतं, की वेगाच्या गेमला फ्रेम जास्त महत्त्वाच्या, आणि सावकाश गोष्ट सांगणाऱ्या गेमला ठिपके.

मोठ्या नावाच्या, यूएसबी ३.० च्या कार्डाबाबत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. कार्ड उत्तम असतं, पण ते लॅपटॉपच्या २.० च्या भोकात किंवा स्वस्त हबमध्ये खोचलेलं असतं. मग २४९ मेगाबाइटांची सोय असलेलं कार्ड ४० मध्ये कोंबून बसतं, किंवा चित्र मधूनमधून काळं होतं. लॅपटॉपच्या कडेला यूएसबीच्या खुणेशेजारी ‘एसएस’ अशी अक्षरं असतील ते भोक निवडावं, कार्डाबरोबर आलेलीच वायर वापरावी आणि मध्ये हब ठेवू नये.

कन्सोलच्या बाजूलाही एक गोष्ट पाहावी लागते. प्लेस्टेशन ५ आपोआप ४के सोडायला बघतं. डोंगल ते घेतं आणि स्वतःच लहान करून १०८०पी बनवतं. या लहान करण्याच्या कामात ती छोटी चिप धसमुसळी असते. अक्षरांच्या तिरक्या कडांना दात येतात. कन्सोलच्या ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’मध्ये जाऊन रेझोल्यूशन १०८०पी करून टाकलं, की हेच लहान करण्याचं काम कन्सोल करतं आणि पुष्कळच नीट करतं. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावं, की प्रत्येक गेम १०८०पी मध्ये रंगवलेला नसतो. निन्टेन्डो स्विचवरचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ डॉकमध्येही ९०० रेघांवर चालतो. जे चित्र मुळात मऊ आहे ते कुठल्याच कार्डाने टोकदार होणार नाही, आणि त्यावर ‘शार्पन’ फिल्टर चढवला तर कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते.

एचडीएमआय वायरीवर लोक उगाच पैसे घालवतात. ही वायर आकडे वाहून नेते. आकडे पोचले तर चित्र पूर्ण येतं. नीट पोचले नाहीत तर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं, नाहीतर येतच नाही. वायर वाईट म्हणून चित्र थोडंसं धूसर झालं किंवा रंग फिके पडले, असं या जातीच्या वायरीत होत नाही. ठिपके चमकत असतील तर वायर बदला, लांबी कमी करा. धूसरपणा असेल तर दोष दुसरीकडे आहे.

रंगांचा बिघाड मात्र फार फसवा असतो, कारण चित्र तसं चालू असतं, फक्त डोळ्याला बरं वाटत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या पायऱ्या मोजण्याच्या दोन रीती आहेत. संगणक ० ते २५५ मोजतो, टीव्हीचं जग १६ ते २३५. कन्सोल एका रीतीने पाठवतं आणि ओबीएस दुसऱ्या रीतीने वाचतं तेव्हा गडबड होते. १६ ला शुद्ध काळं म्हणायचं आहे हे ओबीएसला कळलं नाही, तर काळं राखाडी दिसतं आणि सगळ्या चित्रावर धुरकट पडदा येतो. उलट झालं, तर अंधाऱ्या खोलीतलं कपाट, दार, लपलेला शत्रू सगळं एकाच काळ्यात बुडतं. तपासायला सोपी जागा म्हणजे गेमचा काळा लोडिंग स्क्रीन. तो रेकॉर्डिंगमध्ये राखाडी दिसला की उत्तर मिळालं. दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवू नका. कन्सोलमध्ये ‘आरजीबी रेंज’ लिमिटेड करा, ओबीएसच्या त्याच प्रॉपर्टीज खिडकीत ‘कलर रेंज’ही लिमिटेड करा, आणि चित्र पुन्हा पाहा. रंग फिके वाटतात म्हणून सॅच्युरेशन वाढवत बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून माणसांचे चेहरे तेवढे लालबुंद होतात, काळं काही परत येत नाही.

सगळं चित्र पिठूळ दिसत असेल, आकाश आणि दिवे मेलेले वाटत असतील, तर कन्सोलमध्ये एचडीआर सुरू आहे का ते पाहा. एचडीआर हा उजेड मांडण्याचा वेगळाच हिशेब आहे. साध्या कार्डाला तो वाचता येत नाही. ते तसंच साधं चित्र समजून पुढे ढकलतं. रेकॉर्डिंगपुरतं एचडीआर बंद करणं हा यावरचा सरळ उपाय. आणखी एक बारीक तक्रार असते, काळ्यावरची लाल बारीक अक्षरं पुसट येतात ही. तिचं कारण वर म्हटलेली रंगाची काटकसर. व्हिडिओत उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची होते, पण रंगाची नोंद साधारण चार ठिपक्यांत मिळून एकच. यूट्यूबवरचे व्हिडिओही असेच साठवलेले असतात. तेव्हा या एका दोषाशी जुळवून घ्यावं, त्यासाठी कार्ड बदलू नये.

चित्रच येत नसेल, आवाज आणि पडदा दोन्ही गप्प असतील, तर बहुधा एचडीसीपी आड आलेलं असतं. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयवर घातलेलं हे कुलूप आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये ते सिस्टिमच्या सेटिंगमधून बंद करता येतं. त्यानंतर गेम रेकॉर्ड होतात, नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालत नाहीत. प्लेस्टेशन ३ मध्ये हे कुलूप एचडीएमआयवर कायमचं असतं, तिथे कंपोनंट वायरीचा जुना रस्ता धरावा लागतो.

इथपर्यंत चित्र ओबीएसमध्ये पोचलं. ओबीएस २०१२ मध्ये ह्यू बेली यांनी सुरू केलं. ते फुकट आहे, आणि गेमवाल्यांपासून लग्नवाल्यांपर्यंत सगळे ते वापरतात. पण इथेच सर्वांत जास्त चित्रं बिघडतात असं माझं ठाम मत आहे. त्याआधी एक खोटी घंटा बंद करू. ओबीएसच्या खिडकीत दिसणारं चित्र त्या खिडकीत मावेल एवढं लहान केलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा तुटक दिसतात. त्यावरून निकाल देऊ नये. दहा सेकंद रेकॉर्ड करावं, फाइल व्हीएलसीमध्ये पूर्ण पडद्यावर लावावी आणि मग बोलावं.

फाइलही खराब दिसली, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘व्हिडिओ’ पानावर जा. तिथे दोन आकडे असतात: कॅनव्हास केवढा आणि बाहेर पडणारं चित्र केवढं. पुष्कळदा वरचा आकडा १९२० बाय १०८० असतो आणि खालचा १२८० बाय ७२०, कारण पहिल्यांदा उघडताना ओबीएसने लॅपटॉपचा दम बघून तसं ठरवून टाकलेलं असतं. म्हणजे कार्ड १०८०पी देतंय, आपण ७२०पी साठवतोय आणि पूर्ण पडद्यावर ताणून ‘धूसर’ म्हणतोय. दोन्ही आकडे सारखे केले की निम्मी तक्रार जाते.

उरलेली निम्मी बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला फाइलमध्ये किती जागा द्यायची त्याची. रेकॉर्डिंग करताना एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा भाग, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढं टिपतो. अंबरनाथ स्टेशनात लोकल उभी असताना खिडकीतून पाहिलं तर फलाट, खांब, बाकडं सगळं जागच्या जागी असतं. फार तर एखादा फेरीवाला हलतो. तीच गाडी पावसाळ्यात बदलापूरच्या दिशेने सुटली की झाडं, पाऊस, भातखाचरं, डोंगर, खिडकीतलं सगळंच क्षणाक्षणाला बदलतं. एन्कोडरला पहिलं दृश्य चिमूटभर जागेत लिहिता येतं, दुसऱ्याला पोतंभर जागा लागते. आपण त्याला बिटरेटची एकच मर्यादा घालून दिली, की उभ्या गाडीला ती भरपूर होते आणि धावत्या गाडीला पुरत नाही. मग तो तपशील टाकून देतो: आधी गवत, मग पाऊस, मग विटांच्या भिंतीचा पोत, आणि शेवटी चौकोन दिसू लागतात. ‘उभं राहिलं की स्वच्छ, पळालं की फाटतं’ ही तक्रार ऐकली की समजावं, कार्ड निर्दोष आहे, बिटरेट अपुरा आहे.

याचं नेहमीचं कारण म्हणजे ओबीएसच्या ‘आउटपुट’ पानावरचं ‘रेकॉर्डिंग क्वालिटी’. तिथे ‘सेम अ‍ॅज स्ट्रीम’ असलं, तर इंटरनेटवर थेट पाठवण्यासाठी ठरवलेला बारीकसा बिटरेट, उदाहरणार्थ २५०० किलोबिट, तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फाइललाही लागतो. इंटरनेटला मर्यादा आहे, डिस्कला ती कशाला? तिथे ‘हाय क्वालिटी’ निवडा. थोडी सवय झाली की ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन बिटरेट बांधून देण्याऐवजी दर्जा बांधून द्या. एन्कोडरप्रमाणे त्या रीतीला सीक्यूपी किंवा सीआरएफ म्हणतात. आकडा १८ ते २३ च्या मध्ये ठेवावा. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. यात धावत्या दृश्याला हवी तेवढी जागा मिळते आणि उभ्या दृश्यावर ती वाया जात नाही. फाइल एमकेव्हीमध्ये साठवा. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं. साधी एमपी४ अर्धवट राहिली तर उघडतच नाही. नंतर ओबीएसमधूनच एमकेव्हीची एमपी४ करता येते, त्यात दर्जा कमी होत नाही. आपल्याकडे महावितरणची देखभाल-दुरुस्ती बहुधा शुक्रवारी निघते, हे मनात ठेवूनच मी हा सल्ला देतो.

वीज गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. लॅपटॉप बॅटरीवर आला की प्रोसेसर आपोआप हळू होतो आणि रेकॉर्डिंग अडखळू लागतं. उन्हाळ्यातही तेच. बदलापुरात मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप पहिली पंधरा-वीस मिनिटं नीट चालतो आणि मग गुदमरतो. डोंगलही हाताला चांगलंच तापलेलं लागतं. सुरुवात छान आणि पुढे अडखळ, ही उष्णतेची खूण. डोंगल लॅपटॉपला चिकटून ठेवण्यापेक्षा छोट्या यूएसबी वायरीने थोडं लांब, मोकळ्या हवेत ठेवावं आणि लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवावा.

अडखळ नेमकी कोणाची हे ओबीएस स्वतःच सांगतं. त्याच्या मेनूत ‘स्टॅट्स’ नावाची छोटी खिडकी आहे. तिच्यात फ्रेम गळण्याचे तीन वेगळे आकडे असतात. ‘रेंडरिंग लॅग’ वाढत असेल तर ग्राफिक्स चिपवर ताण आहे. ‘एन्कोडिंग लॅग’ वाढत असेल तर चित्र दाबण्याचं काम लॅपटॉपला झेपत नाही. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ हा इंटरनेटचा दोष, आणि तो फक्त थेट प्रक्षेपणात लागू होतो. तिन्ही आकडे शून्य असूनही चित्र अडखळत असेल, तर गडबड ओबीएसच्या आधीची: कार्ड, यूएसबी किंवा कन्सोल. एवढी सोय हाताशी असताना लोक अंदाजाने प्रोसेसर, रॅम, कार्ड असं एकेक बदलत जातात, याचं मला वाईट वाटतं. त्या पैशांत एक गेम आला असता.

एन्कोडिंग लॅग असेल तर प्रोसेसरवर ओझं टाकणारा ‘एक्स२६४’ सोडून हार्डवेअरचा एन्कोडर निवडावा. इंटेलने २०११ पासून आपल्या बऱ्याचशा प्रोसेसरांत क्विकसिंक नावाची वेगळी सोय दिलेली आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत २०१२ पासून एनव्हेंक आहे. उल्हासनगरच्या दुकानातून घेतलेल्या ऑफिसवापराच्या जुन्या लॅपटॉपमध्येही क्विकसिंक बहुधा सापडतं. कन्सोलचं रेकॉर्डिंग करताना गेम चालवायचं ओझं लॅपटॉपवर नसतंच, त्यामुळे असा साधा लॅपटॉपही हे काम निभावतो.

फाइल उत्तम, आणि यूट्यूबवर मात्र वाईट, असं झालं तर दोष तुमच्या घराबाहेरचा आहे. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतः पुन्हा दाबतं. व्हिडिओ चढवल्यावर आधी कमी दर्जाची प्रत तयार होते आणि १०८०पी ची नंतर येते, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत घाबरू नये. १०८०पी, ६० फ्रेमसाठी १२ मेगाबिट बिटरेटची फाइल द्यावी असं यूट्यूब सांगतं, तर ३० फ्रेमसाठी ८. त्याहून जास्त दिला तरी नुकसान नाही. त्यातही छोट्या चॅनलच्या १०८०पी व्हिडिओला बहुधा दाबण्याची जुनी एव्हीसी पद्धत मिळते, आणि १४४०पी किंवा त्यावरच्या व्हिडिओला जास्त चांगली व्हीपी९. म्हणून अनेक जण १०८०पी चं रेकॉर्डिंग एडिटिंगमध्ये १४४०पी करून चढवतात. नवा तपशील त्यातून येत नाही, पण असलेला कमी मारला जातो. कोणती पद्धत मिळाली ते व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये दिसतं. आणि मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून दिलेला शेरा मोजू नये. व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप व्हॉट्सअ‍ॅप फार दाबतं. दाखवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

एक शेवटचा प्रकार माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जुन्या प्लेस्टेशन २ चा. तासावर पैसे घेऊन गेम खेळू देणारी दुकानं होती तेव्हाची ही यंत्रं अजून पोटमाळ्यांवर पडून आहेत, आणि ज्यांनी तिथे हात बसवला ती माणसं आता आपल्या मुलांसाठी ते गेम रेकॉर्ड करू पाहतात. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपन्यांनी बनवलेले ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डीसारख्या देशी खेळांचा ‘देसी अड्डा’ हे याच यंत्रावर आले होते, तेव्हा ही हौस नुसती आठवणींची नाही, आपल्या देशातल्या गेमांची पहिली पानं त्यात आहेत. या यंत्रातून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने चित्र घेतलं की हलणाऱ्या वस्तूच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. कार्ड बिघडलेलं नसतं. जुना टीव्ही एका वेळी अर्ध्याच रेघा रंगवायचा, एकदा विषम आणि एकदा सम, असं आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० वेळा. लॅपटॉप त्या दोन अर्ध्यांना एकाच फ्रेममध्ये शिवतो आणि मधल्या काळात वस्तू हललेली असते. ओबीएसमध्ये कार्डाच्या नावावर उजवं क्लिक करून ‘डीइंटरलेसिंग’मध्ये ‘याडिफ २एक्स’ निवडा, म्हणजे प्रत्येक अर्ध्यापासून वेगळी फ्रेम बनते. त्याबरोबर ओबीएसचा एफपीएस ३० वर न ठेवता पाल डिस्कसाठी ५० करा, एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कसाठी ५९.९४. चित्र पुढेमागे थरथरत असेल तर ‘टॉप फील्ड फर्स्ट’च्या जागी ‘बॉटम’ करून पाहा. आणि ४:३ चं चित्र पडदा भरावा म्हणून ताणू नका. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या, म्हणजे ‘देसी अड्डा’तले कबड्डीपटू जसे काढले होते तसेच दिसतील.